दर्यावरचे घड्याळ आणि लहान होडी



किनाऱ्यावरच्या एखाद्या घरात होडीला नवे यंत्र बसवायची गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न पैशाचा येतो. उपग्रहांच्या मदतीने होडीची जागा शोधायची आणि ती पडद्यावरच्या सागरी नकाशात दाखवायची, हे या यंत्राचे काम. त्याला चार्टप्लॉटर म्हणतात. स्वस्तातले घ्यावे की महागातले? घरातले जाणते माणूस तर विचारते, ‘घ्यायचेच कशाला? आम्ही डोंगराची खूण धरून परत येत होतोच की!’ प्रश्न रास्त आहे. पण तो आजचा नाही, अडीचशे वर्षांचा जुना आहे. ती हकिगत ऐकली म्हणजे यंत्र निवडणेही सोपे जाईल.

समुद्रात आपली जागा सांगायला दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. अक्षांश आकाश सांगते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितके आपले अक्षांश. रेखांशाचे मात्र तसे नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. शिक्षकबंधूंनी हे वर्गात जरूर करून दाखवावे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची आणि मुंबई सुमारे ७३ अंशांवर. फरक साडेनऊ अंशांचा, त्याला चाराने गुणा, आले ३८. म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने घड्याळात १२ वाजून ३८ मिनिटांनी. तेव्हा रेखांश काढायचे तर इथली वेळ हवी आणि त्याच क्षणी ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणची वेळही हवी. इथली वेळ सूर्य सांगेल. दुसरी कोण सांगणार? जहाजाच्या हेलकाव्यांत, उन्हाथंडीत बरोबर चालेल असे घड्याळच तेव्हा नव्हते.

याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली. १७०७ च्या ऑक्टोबरात सर क्लाउडस्ली शॉव्हेल यांचा इंग्रजी आरमारी ताफा घरी परतत होता. आपण खुल्या पाण्यात आहोत अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात सिली बेटांचे खडक समोर होते. एका रात्रीत ४ जहाजे फुटली आणि चौदाशेहून अधिक माणसे बुडाली. जागेचा अंदाज चुकायला कारणे अनेक होती, पण त्या आघाताने देश हादरला. १७१४ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने कायदा करून बक्षीस लावले. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगेल त्याला २०,००० पौंड!

अर्धा अंश म्हणजे २ मिनिटे. सहा आठवड्यांच्या सफरीत एवढीच चूक चालणार, म्हणजे दिवसाला जेमतेम ३ सेकंद. हे साधले जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या मुलाने, तेही स्वतः शिकून. १७३५ मध्ये त्याने पहिले सागरी घड्याळ पुरे केले आणि १७५९ मध्ये चौथे. ते तळहाताएवढे होते. ते घेऊन त्याचा मुलगा १७६१ साली जमेकाला निघाला. पोचेपर्यंत घड्याळ अवघे ५ सेकंद मागे पडले होते. तरी पुरे पैसे हाती पडेनात. पुन्हा चाचण्या, पुन्हा शंका. शेवटची रक्कम १७७३ साली मिळाली तेव्हा म्हातारा ऐंशीचा झाला होता.

आता मुद्द्याची गोष्ट बघा. या घड्याळाची नक्कल लार्कम केंडॉलने केली, ती कॅप्टन कूकने १७७२ च्या सफरीत नेली. किंमत ५०० पौंड! त्या काळी आरमारातल्या सराईत खलाशाला अठ्ठावीस दिवसांचे २४ शिलिंग मिळत. म्हणजे त्याची ३२ वर्षांची कमाई त्या एका घड्याळात. लहान गलबतवाल्याने काय करावे? त्याच्यासाठी दुसरी वाट होती. चंद्र आणि तारे यांच्यातले अंतर मोजायचे आणि पंचांग घेऊन आकडेमोड करीत बसायचे. मॅस्केलिन यांनी १७६७ सालापासूनचे असे पंचांग काढले. पैसा कमी, कष्ट जास्त. पुढे अर्नोल्ड, अर्नशॉ यांच्यासारख्या कारागिरांनी घड्याळे सोपी आणि स्वस्त केली. मग विसाव्या शतकात बिनतारी यंत्राने वेळेचे ठोके दर्यावर धाडले. रेडिओ ऐकून घड्याळ लावता येऊ लागले, तेव्हा साधे घड्याळही कामाचे झाले.

आजचे यंत्रही घड्याळावरच चालते, बरे का! जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरचे हे उपग्रह अत्यंत अचूक अणुघड्याळे बाळगून आहेत. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून अंतर निघते. आपल्या यंत्रातले घड्याळ साधेच असते. त्याची चूक चौथ्या उपग्रहाच्या संदेशावरून दुरुस्त होते. महाग घड्याळ आकाशात गेले, म्हणून हातातले यंत्र स्वस्त झाले. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूकही काढून टाकली, आणि शंभरएक मीटरचा फरक काही मीटरांवर आला.

यावरून खरेदीचे सूत्र निघते. मोकळ्या समुद्रावर जागा सांगण्यात स्वस्त आणि महाग यंत्रांत फारसा फरक नाही. जास्तीचे पैसे मोठ्या पडद्याला, मासे शोधण्याच्या सोयीला आणि इतर यंत्रांशी जोडणीला जातात. लहान होडीवाल्याने पाहावे ते हे : भर उन्हात पडदा वाचता येतो का? यंत्रात पाणी शिरत नाही ना? ओल्या हाताने बटण दाबता येते का? होडीची बॅटरी रात्रभर पुरेल का? आणि सर्वांत आधी, आपल्या किनाऱ्याचा नवा नकाशा त्यात आहे का? मोजणी जुनी असेल, तर यंत्र तुमची जागा बरोबर दाखवील आणि खडक मात्र चुकीच्या जागी दाखवील.

आणि डोंगराची खूण? ती विसरू नका. झड आली की डोंगर दिसत नाही, आणि बॅटरी बसली की पडदा दिसत नाही. म्हणून होकायंत्र, कागदी नकाशा आणि खोली मोजायची दोरी होडीत असू द्या. पोराला यंत्र शिकवाल, तेव्हा त्याला ध्रुवताराही दाखवा.