विहिरीतला हात आणि वर राहिलेलं डोकं

जालना जिल्ह्यात आमची पिढी विहिरीत पोहायला शिकली. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, आणि मोठ्यांपैकी कुणीतरी ढकलून द्यायचं. आठ-दहा दिवसांत पोरगं तरंगायचं. हात जोरदार, पण डोकं कायम पाण्याच्या वर. शहरातले प्रशिक्षक याला अडाणीपणा म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. विहीर गोल, चार हात मारले की भिंत. वरून कोण कधी सूर मारेल याचा नेम नाही. तिथं डोकं वर ठेवणं हीच अक्कल होती.

युरोपातसुद्धा तेव्हा बेडकासारखं, डोकं वर ठेवूनच पोहत. 1844 साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे जमातीच्या दोघांनी हात पाण्याबाहेर फिरवत, पाय आपटत शर्यत पोहून दाखवली. तिथल्या पेपरवाल्यांना ते पवनचक्कीसारखं वाटलं, युरोपीय रीतीला न शोभणारं! पुढं सॉलोमन बेटांवरून आलेल्या ॲलिक विकहॅमचं पोहणं सिडनीकरांनी उचललं. 1912 ला हवाईच्या ड्यूक कहानामोकूनं स्टॉकहोमला 100 मीटरचं सुवर्ण नेलं. आज 'शास्त्रशुद्ध' म्हणून शिकवतात ते फ्रीस्टाईल हेच.

1972 चा दुष्काळ आठवतो? जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. त्याच साली सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाईल 37.33 सेकंदांत मारलं. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग अधू झालेला हा जवान. म्हणजे जोर हाताच्या ओढीत असतो, लाथांत नाही.

डोकं वर काढलं की कंबर-पाय खाली जातात आणि माणूस लवकर दमतो. तोंड खाली ठेवायचं, श्वास पाण्यातच सोडायचा, घ्यायच्या वेळी मान नुसती कुशीला वळवायची. सांगायला सोपं. पण हे शिकायला छातीइतकं पाणी आणि सरळ लांबी लागते. ती आमच्या पोरांना कुठं मिळते?

जुन्या विहिरींना, बारवांना पायऱ्या होत्या. आता पोरं शेततळ्यात उतरतात. कडवंचीनं शेततळ्यांवर द्राक्षं उभी केली, त्याचं कौतुकच आहे. पण तळ्यातल्या प्लास्टिकच्या कागदाला ना पायरी ना कपार. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन घसरतो. दर उन्हाळ्यात बातम्या वाचतोच आपण.

तालुक्याला एक उथळ तलाव मागितला की उत्तर ठरलेलं, "पाणी कुठाय?" बरं, तलाव होईल तेव्हा होईल. तोवर आपापल्या शेततळ्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडा, वर पक्क्या खुंटीला बांधून. या रविवारीच.