हाताने भरलेली काडतुसे: तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप नेमबाजाला कसा फसवतो?

एकच रायफल, तोच नेमबाज, तेच लक्ष्य आणि एकाच खोक्यातली पाच काडतुसे. तरीही पाचही गोळ्या एकाच छिद्रातून जात नाहीत. १०० यार्डांवरच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरवरच्या कागदावर पाच छिद्रांचा एक पुंजका तयार होतो. नेमबाज त्याला 'ग्रुप' म्हणतात. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर हे त्या ग्रुपचे माप. ते जितके कमी, तितकी रायफल आणि काडतूस यांची जोडी अचूक.

हे माप कमी करण्यासाठी अमेरिकेतले अनेक हौशी नेमबाज कारखान्यातली काडतुसे न वापरता स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. याला 'हँडलोडिंग' म्हणतात. तिथल्या फेडरल कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी हे करायला परवाना लागत नाही. विकायचे असेल तर लागतो.

काडतुसात असते काय?

चार गोष्टी. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली बारूद आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, बारूद जळते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. यातली फक्त पुंगळी पुन्हा वापरता येते, आणि सगळा खेळ तिच्यापासूनच सुरू होतो.

कारखान्याला आपले काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलमध्ये चालावे लागते, त्यामुळे मापात थोडी मोकळीक ठेवलेली असते. घरी भरणाऱ्याला फक्त एकाच रायफलचा विचार करायचा असतो. गोळी झाडली जाते तेव्हा पितळ फुगते आणि त्या रायफलच्या चेंबरचा जणू साचाच घेते. अशी पुंगळी त्याच बोल्ट-अॅक्शन रायफलमध्ये वापरायची असेल, तर तिला पूर्ण मूळ मापावर आणावे लागत नाही. बऱ्याचदा गोळी धरणारी मान तेवढी आवळली तरी चालते.

मग येते वजन. बारूद 'ग्रेन'मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, आणि हे लोक ग्रेनच्याही दहाव्या भागापर्यंत मोजतात. गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, म्हणजेच नळीतल्या पिळाच्या खाचा सुरू होण्याआधी तिने किती अंतर मोकळे जायचे, हेही बदलून पाहिले जाते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, गोळ्या झाडायच्या, ग्रुप मोजायचा, वहीत नोंद करायची.

छोट्या काडतुसांचा मोठा इतिहास

या छंदाचे सर्वांत टोकाचे रूप म्हणजे 'बेंचरेस्ट' स्पर्धा. रायफल टेबलावर आधार देऊन ठेवतात आणि पाच गोळ्यांचा शक्य तितका लहान ग्रुप मारतात. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीने .२२२ रेमिंग्टन हे छोटे काडतूस आणले. त्यामागचे अभियंते माइक वॉकर स्वतः बेंचरेस्टचे नेमबाज होते. पुढची दोन दशके या काडतुसाने स्पर्धा गाजवल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यात लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या जोडीने .२२० रशियन या काडतुसाच्या पुंगळीवरून 'पीपीसी' तयार केले आणि .२२२ मागे पडले. पाल्मिसानो पेशाने डॉक्टर होते. शस्त्रांच्या इतिहासात अशी नावे अनेकदा सैन्यातून किंवा कारखान्यातून येतात. इथे ती छंदातून आली.

तीन गोळ्यांचा भ्रम

समजा, एखाद्याने बारूदीची आठ वेगवेगळी वजने ठरवली आणि प्रत्येक वजनाच्या तीन-तीन गोळ्या झाडल्या. सात ग्रुप २० मिलिमीटरच्या आसपास आले, एक १० मिलिमीटरचा आला. 'सापडला लोड!' असे म्हणत तो फोटो काढतो, पोस्ट करतो, वाहवा मिळवतो. पुढच्या रविवारी तेच काडतूस २३ मिलिमीटरचा ग्रुप देते. मग वाऱ्याला दोष, खांद्याला दोष, नव्या दुर्बिणीला दोष.

दोष बहुतेक वेळा गणिताचा असतो. तीन गोळ्यांचे ग्रुप मुळातच फार वर-खाली होतात. एखाद्या लोडची तीन गोळ्यांची खरी सरासरी २० मिलिमीटर असेल, तर काहीही न बदलता एक ग्रुप १२ चा आणि दुसरा २८ चा येणे अगदी सामान्य आहे. शिवाय गोळ्या वाढल्या की ग्रुप मोठाच होतो, कारण एक जरी छिद्र लांब पडले तरी माप वाढते. त्याच रायफलचा, त्याच लोडचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सुमारे २७ टक्के मोठा असतो आणि दहा गोळ्यांचा सुमारे ५८ टक्के. म्हणजे कुणाचा तीन गोळ्यांचा आकडा दुसऱ्याच्या दहा गोळ्यांच्या आकड्याशी तोलणे म्हणजे तीन डावांवरून फलंदाजाची सरासरी ठरवण्यासारखेच.

आठांपैकी एक ग्रुप नशिबाने छान येणारच. तो निवडला की निवडले जाते ते नशीब. म्हणून अनुभवी मंडळी पहिल्या फेरीत फक्त उघडपणे वाईट लोड बाद करतात आणि उरलेल्यांवर वेगवेगळ्या दिवशी दहा, वीस, तीस गोळ्या खर्च करतात. हे कंटाळवाणे आहे, खर्चिक आहे आणि असा फोटो फारसा दिसायलाही चांगला नसतो.

वेगाच्या आकड्यांचेही तसेच. क्रोनोग्राफ नावाचे यंत्र प्रत्येक गोळीचा वेग दाखवते आणि त्यातली तफावत कमी करण्याचे अनेकांना वेडच लागते. पण सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाच्या गोळीत एक टक्का फरक पडला, तर १०० यार्डांवर ती जेमतेम एक मिलिमीटर वर-खाली लागते. साडेपाचशे मीटरवर मात्र तोच फरक काही सेंटिमीटरचा होतो. कोणत्या अंतरासाठी काडतूस बनवायचे आहे, हे आधी ठरवावे लागते ते यामुळेच.

चूक झाली तर?

कागदावरचे छिद्र चुकले तर नुकसान फार नाही. बारूद चुकली तर नळी किंवा बोल्ट फुटू शकतो, आणि तो चेहऱ्यापासून काही इंचांवर असतो. .२२३ रेमिंग्टनसारख्या छोट्या काडतुसातही दाबाची अमेरिकी कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ५५,००० पौंड आहे. म्हणून बारूद उत्पादकांच्या छापील तक्त्यातल्या सर्वांत कमी वजनापासूनच सुरुवात करतात, टेबलावर एका वेळी एकच बारूद ठेवतात आणि प्रायमर किंवा गोळी बदलली तर पुन्हा खालून सुरू करतात. बोल्ट उघडताना जड जाणे, प्रायमर चपटा होणे ही दाब वाढल्याची चिन्हे. पण ती दिसेपर्यंत मर्यादा आधीच ओलांडलेली असू शकते. इंटरनेटवर अनोळखी माणसाने दिलेले वजन जसेच्या तसे वापरणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

भारतात हे करता येते का?

नाही, असेच समजा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे.

आपल्याकडे ज्या नेमबाजीत पदके येतात, त्या .२२ रायफलमध्ये तर हा प्रश्नच येत नाही. या काडतुसात ठिणगीचे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. एकदा पिन आदळली की पुंगळी निकामी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते याच रायफलच्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात. इथे दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गुणाचा दहावा भाग म्हणजे ०.८ मिलिमीटर.

मग या पातळीवरचे नेमबाज काय करतात? काडतूस बनवता येत नाही, म्हणून ते निवडतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या दोन लॉटमध्येही फरक असतो आणि एका नळीला आवडलेला लॉट दुसऱ्या नळीला आवडेलच असे नाही. इंग्लंडमधल्या इलीसारख्या उत्पादकांकडे यासाठी चाचणी केंद्रे आहेत. नेमबाज रायफल घेऊन जातो, ती पकडीत घट्ट बसवतात आणि ५० मीटरवरच्या इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर एकेका लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात. जो लॉट जमतो, त्याची हजारोंनी खरेदी होते. तो संपत आला की नव्या लॉटची शोधाशोध सुरू.