वजन उतरलं, पण कातडी लोंबतेय? ऑपरेशनआधी हे नियोजन हवंच

शंभर-सव्वाशे किलोवरून सत्तर-पंच्याहत्तरवर आलेल्या माणसाचं गावात कौतुक होतं. पण पोटाखाली, दंडाला, मांड्यांना लोंबणारी कातडी कपड्याआड राहते आणि त्रास देत राहते. घडीत घाम साचतो, खाज सुटते, पुरळ उठतं, बुरशी धरते. चालताना मांड्या घासून सोलवटतात. ही जादा कातडी प्लास्टिक सर्जन काढू शकतात. मात्र ऑपरेशनची वेळ चुकली तर जखम न भरण्यापासून पायात रक्ताची गुठळी होण्यापर्यंतचे धोके वाढतात आणि खर्चही वाया जातो.

व्यायामानं कातडी आटत का नाही?

वर्षानुवर्षं ताणली गेल्यानं कातडीतले लवचीक तंतू तुटतात. पायजम्याचं इलॅस्टिक एकदा सैल झालं की पुन्हा घट्ट होत नाही, तसाच हा प्रकार. व्यायामानं आतले स्नायू बळकट होतात, पण लोंबलेली कातडी आत जात नाही. क्रीम आणि तेलाचाही फारसा उपयोग नाही. नुसती चरबी ओढून काढली तर कातडी उलट जास्त सैल दिसू शकते. मात्र ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असं नाही. घडी धुऊन कोरडी ठेवणं, सुती कपडा वापरणं आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या औषधानं काहींचं भागतं.

वजन आधी थांबलं पाहिजे

वजन घटवण्यासाठी पोटाचं म्हणजे बॅरिएट्रिक ऑपरेशन झालं असेल, तर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. वजन आहारानं उतरलेलं असो वा इंजेक्शननं, ते ३ ते ६ महिने एकाच पातळीवर टिकलेलं हवं. ऑपरेशननंतर आणखी वजन उतरलं तर कातडी पुन्हा सैल पडते, वाढलं तर ताणली जाते. त्यामुळे दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवलं, तर ती वही डॉक्टरांच्या फार कामाची असते. पुढे मूल हवं असेल तर पोटाचं ऑपरेशन बाळंतपणानंतरच केलेलं बरं.

जखम भरायला अंगात ताकद हवी

या ऑपरेशनमध्ये टाके हातभर लांब असतात. ते भरून यायला प्रथिनं लागतात आणि झपाट्यानं वजन उतरलेल्यांच्या अंगात नेमकी तीच कमी असतात. बॅरिएट्रिक ऑपरेशन झालेल्यांना रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मोठ्या ग्लासभर दुधात ८ ग्रॅम आणि १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. नुसत्या भाकरी-आमटीवर हा हिशोब जुळत नाही.

हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर या तपासण्या दोन-तीन महिने आधीच कराव्यात. कमतरता भरून काढायला तेवढा वेळ लागतोच.

मिश्रीसुद्धा तंबाखूच

ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस तंबाखू पूर्ण बंद हवी. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कातडीच्या कडेला रक्त पोहोचत नाही आणि ती काळी पडून टाके उसवतात. बिडी-सिगारेट ओढत नाही म्हणून अनेक जण डॉक्टरांना 'व्यसन नाही' असं सांगून मोकळे होतात. पण गुटखा, मळलेली तंबाखू आणि बायका दाताला लावतात ती मिश्री, या सगळ्यांत निकोटिन असतं. हे लपवलं तर नुकसान रुग्णाचंच होतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या आणि काढे यांचीही माहिती द्यावी. सेमाग्लुटाइड, तिरझेपटाइड ही वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं.

सगळं एकाच वेळी होत नाही

पोटाच्या ऑपरेशनचे दोन प्रकार आहेत. एकात फक्त लोंबणारी कातडी काढतात. दुसऱ्यात पोटाचे सैल स्नायू आवळून बेंबी नव्या जागी बसवतात. हर्निया असेल तर काही वेळा तोही त्याच वेळी दुरुस्त होतो. दंड, मांड्या आणि छातीची ऑपरेशनं वेगळी. एकाच वेळी फार काही केलं तर भुलेचा वेळ, रक्तस्राव आणि गुठळीचा धोका वाढतो. म्हणून टप्पे पाडतात आणि दोन टप्प्यांत किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. सर्वांत जास्त त्रास कशाचा आहे, ते आधी ठरवावं.

व्रण कायमचे राहतात. पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, दंडावर काखेपासून कोपरापर्यंत. ते फिकट व्हायला वर्षही लागतं.

शेतीची कामं बघून तारीख

हलक्या कामाला दोन ते चार आठवडे आणि जड कामाला सहा ते आठ आठवडे लागतात. भरलेला १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलोपेक्षा जास्त वजन, तो या काळात उचलायचा नाही. दुधाचे कॅन, पोती, खड्ड्यातून दुचाकी, सगळं बंद. कित्येक आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो, तो एप्रिल-मेच्या उन्हात सोसवत नाही. दिवाळीनंतरची थंडी सोयीची पडते, पण घरात तेव्हाच ऊसतोड किंवा द्राक्षाची गडबड असेल तर तारीख पुढे न्यावी. घरकाम आणि जनावरं कोण बघणार, हेही आधीच ठरलेलं हवं.

खर्च, विमा आणि डॉक्टर

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. आरोग्याला थेट धोका असून ऑपरेशन गरजेचं आहे, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर दावा करता येतो. त्यासाठी पुरळाचे फोटो, जुन्या चिठ्ठ्या आणि बिलं जपून ठेवावीत. अंदाजपत्रक लेखी घ्यावं. त्यात भूल, खोली, पट्टा, जीएसटी आणि गुंतागुंत झाल्यास येणारा खर्च धरलाय का, ते विचारावं.

मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी असल्याची खात्री करावी. 'कॉस्मेटिक'चा फलक म्हणजे पदवी नव्हे.

घरी आल्यावर

शहरातलं रुग्णालय लांब असेल तर पहिला आठवडा जवळच मुक्काम करावा. नळ्या निघाल्यावर ड्रेसिंग गावाकडच्या डॉक्टरांकडून करून घेता येतं का, हे सर्जनला आधी विचारावं आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवावं. दिवसभर झोपून राहू नये. त्याच किंवा दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं चालल्यानं गुठळीचा धोका कमी होतो.

ताप, जखमेतून घाण वास, कडा काळी पडणं किंवा अचानक एका बाजूला फुगणं दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन करावा. एका पोटरीला सूज आणि ठणका असेल तर तातडीनं रुग्णालय गाठावं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन लावावा.