संग्रहालयाचा थेट ऑनलाइन तास म्हणजे काय? कर्जत-खालापूरच्या शाळांना त्याचा उपयोग कसा?

संग्रहालयातला मार्गदर्शक कॅमेऱ्यासमोर एखादी जुनी वस्तू दाखवतो आणि दूरच्या वर्गातली मुले त्याला त्याच वेळी प्रश्न विचारतात. हा झाला संग्रहालयाचा थेट ऑनलाइन तास. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कितीही छान असला तरी ‘मागची बाजू दाखवा ना’ म्हटल्यावर तो वस्तू फिरवून दाखवत नाही. थेट तासाची सगळी किंमत त्या एका मागणीत आहे.

मार्च २०२० मध्ये संग्रहालये बंद झाली आणि मुंबईतल्या संग्रहालयांचे कार्यक्रमही ऑनलाइन आले. त्याआधी, २०१५ पासून, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने वस्तू घेऊन गावोगावी जाणारी बस सुरू केली होती. पण बसला रस्ता लागतो, आणि डोंगरातल्या सगळ्याच वाड्यांपर्यंत तो धड नाही. उलट, मुलांनी मुंबईला जायचे तर कर्जतहून लोकलनेच सुमारे दोन तास. वाडीपासून स्टेशन गाठायचे ते वेगळे.

तासात काय दाखवावे? परिसराशी जोडलेली वस्तू निवडली तर मुले लगेच रमतात. नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. त्यांवरची ब्राह्मी अक्षरे कॅमेरा जवळ नेला की स्पष्ट दिसतात. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे चक्क बेरजेचे चिन्ह, आणि ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ. तिसरीतले मूलही पाटीवर ते काढू शकते. याच लिपीतला एक छोटा लेख कर्जत तालुक्यातल्या कोंडाणे लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा आशय. म्हणजे लेखाचे पहिलेच अक्षर ‘क’! पडद्यावर शिकलेले अक्षर आपल्याच तालुक्यातल्या खडकावर शोधायला मिळते. खालापूरकडच्या मुलांसाठी असाच दुवा उंबरखिंडीचा. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची फौज तिथे अडवली गेली. संग्रहालयातली ढाल-तलवार पाहताना ती खिंड डोळ्यांसमोर असली की ‘एवढे जड घेऊन चढायचे कसे?’ हा प्रश्न आपोआप येतो.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात, मुलेही बरोबर जातात. तास जानेवारीत ठेवला तर ज्यांच्यासाठी तो सर्वांत मोलाचा, तीच मुले वर्गात नसतात. जून ते सप्टेंबरमध्ये ती असतात, पण तेव्हा वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे. त्यातल्या त्यात पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या सुटीआधीचे आठवडे सोयीचे. तरीही चित्रांच्या छापील प्रती आधीच मागवून ठेवाव्यात. चित्र गोठले तरी फोनवरून आवाज चालू राहतो आणि तास पुढे जातो.

बाकी तयारी थोडी: एक मोठा पडदा, वेगळा स्पीकर आणि मुलांनी आदल्या दिवशी लिहिलेले प्रश्न. मार्गदर्शकाला वर्गाची बोली आधी सांगावी. घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकी मराठीही परकीच वाटते. अर्ध्या तासाहून लांब कार्यक्रम पहिली-दुसरीला पेलवत नाही.

वस्तूचे वजन, थंडपणा, आकार हे मात्र पडद्यावर कळत नाही. त्यासाठी शिक्षक शिलालेखाच्या तुकड्याएवढा चौकोन खडूने जमिनीवर आखून मुलांना त्याभोवती बसवू शकतात.