पाटाचे पाणी, उघडा कारभार

दिवाळीला घराच्या भिंतीस रंग देताना आपण भिंत पाहतो. ती बांधताना उपसलेले पाणी कोणाच्या वाट्याचे होते, हे कोण विचारतो? खानदेशच्या शेतकऱ्याने हा प्रश्न सुमारे ३०० वर्षांपूर्वी सोडविला होता.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर त्याने बंधारे घातले, पाट काढले आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा. पुढल्या वर्षी पालट. पाण्याला मालकाने हात लावायचा नाही. बारे देणार पाटकरी, राखण करणार जागल्या. दोघांचा मेहनताना सर्वांनी मिळून द्यायचा. पाटातला गाळही सर्वांनी मिळून काढायचा. पाणी आटले की भिजणारे क्षेत्रच कमी करीत. तूट सर्वांच्या वाट्याला येई.

अशा कारभारात चोरी करायची म्हटली, तरी ती झाकणार कुठे? पीक तेच, पाळी तीच, सारे उघड्यावर! वहीपेक्षा शेजाऱ्याच्या डोळ्याचा धाक मोठा.

पुढे विहिरींवर पंप बसले, कूपनलिका आल्या. कोण किती उपसतो ते दिसेनासे झाले आणि अनेक फड मोडले. आज नवी वसाहत उभारणाराही आधी कूपनलिका खोदतो. तिचा हिशेब कोणी देत नाही, कोणी मागतही नाही.

वास्तुशांतीला आपण शेजाऱ्यांना अगत्याने जेवू घालतो. त्याच पंगतीत पाण्याचा हिशेबही मोकळेपणाने सांगता आला, तर ते घर खरे पवित्र झाले म्हणावे.