मोहाचे फूल आणि १८९२चा कायदा



फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. रात्री उमललेली फुले पहाटे टपटप खाली पडतात. वारली, कातकरी घरांतल्या बायका ऊन चढायच्या आत टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळल्यावर ती मनुकांसारखी तपकिरी होतात. पूर्वी घरातले धान्य संपले की हीच फुले उकडून पोटाला आधार होई. याच फुलांची दारूही घरी गाळत. लग्नकार्यात, देवापुढे तिला मान असे.

इंग्रज सरकारला या दारूत महसूल दिसला. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी पकड घट्ट झाली. उरणच्या मोठ्या भट्ट्यांत पंचमहालातून आणलेल्या मोहाची दारू निघे, तिच्यावर कर बसे. पण जंगलात फूल फुकट पडत असताना ही महाग दारू कोण घेणार? म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा आला. फुले गोळा करणे, बाळगणे, विकणे यांवर निर्बंध आले. हे गरिबांचे अन्नही आहे, ही हरकत टिकली नाही. दारू मात्र थांबली नाही. परवान्याची दुकाने चालूच राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर नियंत्रण राहिले. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज वेचण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रात फुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठायला २०२१ उजाडले.

आपल्या अष्टमूलगुणांत मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळांचा त्याग आहे. वड, पिंपळ, उंबर त्यात येतात, मोह येत नाही. मद्य आपण सोडतो ते आंबवण्यात होणाऱ्या जीवहिंसेमुळे, आणि सोडतो ते स्वतः नियम घेऊन. त्या कायद्यात ना अहिंसा होती ना संयम. भुकेल्या घरातले अन्न तेवढे गुन्हा ठरले. आपल्या त्यागाच्या नावाखाली त्याचे समर्थन करू नये, असे मला वाटते.

वाळलेली मोहफुले मिळाली तर नीट निवडा, किडे-अळ्या पाहा, दोनतीन पाण्यांनी धुवा. गाळलेल्या पाण्यात उकळून गाळा. साखर लागतच नाही. हे सरबत त्याच दिवशी, सूर्यास्ताआधी संपवा. ठेवले तर आंबेल, मग आपल्याला वर्ज्य. आणि फुले विकणाऱ्या बाईशी भावाची घासाघीस करू नका.