ट्रोलिंग आणि दुहेरी इंजिनांची बोट
उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवरात १९६६ साली कोहो आणि १९६७ साली चिनूक जातीचे सॅमन मासे सोडण्यात आले. तेथील हौशी मासेमारांत ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेणे, विशेष लोकप्रिय आहे. सॅमनसाठी बोटीचा वेग साधारणतः ताशी दोन ते तीन मैल, माणसाच्या चालण्याइतका, ठेवतात. दोन इंजिनांची बोट मात्र गिअर टाकताच, थ्रॉटल न वाढवताही, बहुधा याहून वेगाने निघते.

एकच इंजिन चालविणे हा सर्वांत सोपा उपाय. त्याने वेग घटतो, पण निम्म्यावर येत नाही. शिवाय बोट बंद इंजिनाच्या बाजूला वळू पाहते. खरा धोका डोळ्यांआड असतो. बंद इंजिनाचा प्रॉपेलर पाण्याच्या ओढीने फिरतच राहतो, आणि इनबोर्ड बोटींतील काही गिअरपेट्यांना इंजिन चालू असतानाच वंगण मिळते. उत्पादकाची पुस्तिका न पाहता दिवसभर असे फिरणे म्हणजे स्वस्तातील सहलीला महागडी दुरुस्ती जोडणे होय.

बोटीच्या दोन्ही बाजूंना कापडी ट्रोलिंग बॅगा सोडल्यास पाण्याचा विरोध वाढतो. त्यांची दोरी प्रॉपेलरपर्यंत पोहोचणार नाही इतकी आखूड हवी. ट्रोलिंग व्हॉल्व्ह क्लचवरील तेलाचा दाब कमी करून तो मुद्दाम घसरता ठेवतो. त्या स्थितीत थ्रॉटल मर्यादेबाहेर वाढविल्यास क्लच जळतो. बोटीवर जागा असल्यास छोटे स्वतंत्र इंजिनच बरे.

जीपीएसवरील आकडा मात्र बोटीचा असतो. खोल पाण्यातील प्रवाहामुळे आमिषाचा वेग निराळा असू शकतो.